उद्दायन राजाची राणी

आमच्या निपाणीकडं घरात कुणी गेलं की पत्र छापतात. त्यात 'दीर्घ आजाराने' हे दोन शब्द असतात आणि खाली मुलांची, नातवंडांची नावं. त्या दोन शब्दांत किती वर्षं गेली आणि त्यातल्या रात्री कुणी जागून काढल्या, हे पत्रात नसतं.

माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश होता. सात वर्षं. शेवटी शेवटी त्या मला 'अगं बाई, तू कुणाची?' म्हणून विचारायच्या. त्या गेल्यावर वर्षभरातच मी दूध गॅसवर ठेवून देवळात जायला लागले. शेजारच्या आक्कांचं नाव ओठावर येईना. वाटलं, आता आपली पाळी.

बेळगावला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पहिल्यांदा एकच विचारलं, 'सलग सहा तास झोप शेवटची कधी झाली?' मला आठवेना. रक्तदाब वाढलेला, बी-१२ अगदी कमी. दूध-दह्याचाही कंटाळा करणाऱ्या आपल्या शाकाहारी बायकांत ते कमी पडू शकतं, आणि त्यानंही विसरायला होतं. सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा मला पाठ होत्या. स्वतःचा रक्तदाब मात्र सात वर्षांत एकदाही मोजला नव्हता. औषधं सुरू झाली, झोप परत आली, तशी आक्कांची नावंही परत आली.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात निर्विचिकित्सा अंगाचं उदाहरण म्हणून उद्दायन राजाचं नाव आहे. कथा आपण लहानपणापासून ऐकलेली. एक देव रोगी मुनीचं रूप घेऊन येतो, आहार घेतो आणि ओकतो. दुर्गंधीनं नोकर-चाकर पळतात. राजा आणि राणी प्रभावती तिथंच थांबतात, अंगावर उलटी होऊनही मुनीला धुतात, पुसतात. राणी तिथं होती, पण उदाहरणात नाव राजाचं. आचार्यांना मी बोल लावत नाही, कारण पुढंमागं अनंतमती आणि रेवतीची नावं आहेतच. तरी सेवा दोघांची आणि स्मरण एकाचं, ही आपल्या घराघरातली रीत मला त्या कथेत दिसली.

तत्त्वार्थसूत्रात वैयावृत्त्य हे अंतरंग तप मानलं आहे. त्याचे दहा प्रकार आहेत: आचार्य, उपाध्याय, तपस्वी, ग्लान म्हणजे आजारी, असे. ती सगळी सेवा मुनिसंघाची. अंथरुणावरच्या सासूचं त्यात वेगळं नाव नाही. म्हणून घरची सेवा तपही ठरली नाही आणि कामही ठरलं नाही.

हे लिहून ठेवणारी एक बाई आपल्या भाषेत होऊन गेली. न्यायमूर्ती रानडे १९०१ च्या जानेवारीत वारले. रमाबाईंनी १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' छापल्या आणि पतीचं शेवटचं आजारपण स्वतःच्या शब्दांत सांगितलं. आपली दक्षिण भारत जैन सभा तर त्याच्या आधी, १८९९ मध्ये, इथं जवळच स्तवनिधीला स्थापन झाली. त्या काळातल्या आपल्या पणज्यांनीही दुखणी काढली असतीलच. त्यातलं लिहिलेलं काही माझ्या माहेरी सापडलं नाही, सासरीही नाही.

परदेशात तरी वेगळं होतं का? ब्रिटनमध्ये १९७६ साली घरच्या आजाऱ्याला सांभाळणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला, पण नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बायकांना तो नव्हता. त्या काय, घरीच असतात! आईची सेवा करणाऱ्या जॅकी ड्रेक यांनी दावा लावला आणि १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयात जिंकला. आपल्याकडं सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्यांची देखभाल करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी १३७ मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ७५. स्वयंपाक-धुणं त्यात धरलेलंच नाही.

अमेरिकेतल्या युटा राज्यात १,२२१ जोडप्यांचा अभ्यास झाला, २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जोडीदाराला स्मृतिभ्रंश, त्यांना स्वतःला तो होण्याचा धोका सहा पट आढळला. हा काही लागणारा रोग नव्हे. पण जागरण, एकटेपणा, उदासी, न मोजलेला रक्तदाब हे सगळं सेवा करणारीच्या वाट्याला येतं, आणि यातलं बरंच मेंदूलाही बाधतं.

म्हणून बायांनो, सांगते ते ऐका. आठवड्यातनं दोन रात्री दुसऱ्या कुणाला तरी आजाऱ्याजवळ झोपू द्या. वन्सं आल्या तर त्यांना चहा करत बसू नका, सरळ आत जाऊन झोपा. आजाऱ्याला तपासायला नेलं की आपलाही रक्तदाब मोजून घ्या. महिला मंडळानं पाळीपाळीनं दोन तास जाऊन बसायचं ठरवलं, तर तेही वैयावृत्त्यच.

आणि पुढच्या वेळी पत्र छापाल तेव्हा एक ओळ वाढवा: यांची सेवा अमुक हिने केली. माझ्या सासूबाईंच्या पत्रात ती नव्हती. छापायला देताना मजकूर मीच वाचला होता, आणि मलाही ते सुचलं नव्हतं.