बिमारिस्तान ते लिमिटेड कंपनी

'बिमार' हा शब्द आपल्या घरात रोज वापरला जातो. त्यापासूनच 'बिमारिस्तान' हा शब्द बनला. मध्ययुगातील मुस्लिम जगतात रुग्णालयाला याच नावाने ओळखत. दमिश्कमध्ये ११५४ साली नूरुद्दीनने आणि कैरोमध्ये १२८४ साली सुलतान कलावूनने उभारलेली बिमारिस्ताने इतिहासात प्रसिद्ध आहेत. गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष, गावचा-परगावचा असा भेद न करता उपचार व्हावेत, असे कैरोच्या वक्फनाम्यात नमूद होते. वक्फ मिळकतींच्या उत्पन्नातून औषधे, अन्न आणि हकिमांचे पगार भागत. हकिमाला पगार होता, पण तो रुग्णाच्या खिशातून येत नव्हता. फुप्फुसांतून होणाऱ्या रक्ताभिसरणाचे वर्णन करणारा इब्न अल-नफीस १२८८ साली वारला, तेव्हा त्याने आपले घर आणि ग्रंथसंग्रह याच बिमारिस्तानला देऊन टाकला.

हे आम्ही पूर्वजांचे गोडवे गाण्यासाठी सांगत नाही. मुतवल्लींनी गिळंकृत केलेल्या वक्फांची यादीही तेवढीच लांब आहे. हकीमही सारेच सज्जन नव्हते. बगदादमध्ये चुकीच्या उपचाराने रुग्ण दगावल्यावर ९३१ साली खलिफा मुक्तदिरने हकिमांची परीक्षा घेण्याचा हुकूम काढला होता. आमचा मुद्दा मालकीचा आहे. वक्फ केलेली वास्तू विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही, तिच्यावर नफा काढता येत नाही. ती अमानत असते.

आपल्या देशातही हा विचार वेगवेगळ्या धर्मांच्या दानशूरांनी जपला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ साली सर जमशेदजी जीजीभाईंच्या देणगीतून उभे राहिले. दिल्लीत १९०६ साली हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी सुरू केलेला हमदर्द दवाखाना त्यांचे पुत्र हकीम अब्दुल हमीद यांनी १९४८ साली वक्फ केला. चालता धंदा हातात असताना त्याची मालकी सोडणे सोपे नव्हते.

यानंतर काळ बदलला. १९८३ साली चेन्नईत डॉ. प्रताप रेड्डी यांचे अपोलो रुग्णालय सुरू झाले आणि कंपनीच्या मालकीची रुग्णालये देशात रुजली. त्यांनी चांगले काही केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हृदयाच्या ज्या शस्त्रक्रियेसाठी परदेशी जावे लागे, ती इथे होऊ लागली. सरकारी रुग्णालयांकडे सरकारनेच पाठ फिरवली होती, ती पोकळीही त्यांनी भरली. पण २००० सालापासून रुग्णालयांत शंभर टक्के परकीय गुंतवणुकीला मोकळीक मिळाली आणि मालक रुग्णापासून दूर जात राहिला. पुण्यातील सह्याद्री रुग्णालयांचेच पाहा. एका न्यूरोसर्जनने उभी केलेली ही साखळी २०१९ साली एव्हरस्टोन या गुंतवणूक कंपनीकडे गेली. २०२२ साली ती कॅनडातील ओंटारियोच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने घेतली. २०२५ साली मणिपाल समूहाने ती खरेदी करण्याचा करार जाहीर केला. त्या समूहातही २०२३ पासून सिंगापूरच्या टेमासेकचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. ओंटारियोच्या शिक्षकाला पेन्शन मिळावी, यात वाईट काहीच नाही. पण आपल्या म्हातारपणाची सोय पुण्यातल्या कुणाच्या आजारपणातून होत होती, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

याची किंमत आधी डॉक्टर मोजतो. पुण्याचे डॉ. अरुण गद्रे यांनी देशभरातील ७८ डॉक्टरांशी बोलून त्यांच्या व्यथा २०१५ साली लोकांपुढे मांडल्या. ठरावीक तपासण्यांचे आणि दाखल रुग्णांचे 'टार्गेट', कट प्रॅक्टिस, व्यवस्थापनाची विचारणा हे सारे त्यातून बाहेर आले. तपासलेल्या रुग्णांपैकी कितींवर शस्त्रक्रिया झाली, याला तिथे 'कन्व्हर्जन रेट' म्हणतात. आपल्या कानांना हा शब्द वेगळ्याच अर्थाने परिचित आहे. इथे रुग्णाचे गिऱ्हाइकात रूपांतर होते, एवढाच त्याचा अर्थ. ज्या डॉक्टरला 'तुम्हाला शस्त्रक्रियेची गरज नाही' असे सांगायचे आहे, त्याला महिनाअखेरीस त्याचाच जाब द्यावा लागतो.

मग पाळी रुग्णाची. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सरकारी रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी खर्च ४,४५२ रुपये, तर खासगीत ३१,८४५ रुपये आढळला. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने हृदयातील औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, तोवर तो लाखाच्या घरात विकला जाई. पुढच्याच वर्षी याच प्राधिकरणाला दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांच्या बिलांत काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा दिसला. सच्चर समितीने २००६ साली सांगितले होते की मुसलमान नोकरीपेक्षा स्वयंरोजगारावर अधिक अवलंबून आहेत. गॅरेजवाला, शिंपी, हातगाडीवाला यांच्या पाठीशी कोणत्या कंपनीचा विमा असणार? दाखल होताना डिपॉझिट भरायचे, तर बायकोचे दागिने मोडावे लागतात.

कायदा अगदीच मुका नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत दिल्या पाहिजेत. २०२१ च्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे रुग्णालयांना बंधनकारक केले आहे. मोहल्ल्यातील किती जणांना हे माहीत आहे? मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांशेजारी ही माहिती लावायला काय हरकत आहे?

आणि एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे. महाराष्ट्रात वक्फच्या हजारो एकर जमिनी आहेत. त्यांवर शादीखाने झाले, दुकानांचे गाळे झाले, अतिक्रमणे झाली. दवाखाने किती झाले? कंपनीच्या नावाने बोटे मोडून बिल कमी होणार नाही. अमानत म्हणून चालणारे, हिशेब उघडा ठेवणारे आणि कोणत्याही जातिधर्माच्या बिमाराला दार उघडे असणारे रुग्णालय प्रत्येक जिल्ह्यात एक जरी उभे राहिले, तरी प्रामाणिक डॉक्टरला ताठ मानेने काम करायला जागा मिळेल. अशा डॉक्टरांची आपल्याकडे वाण नाही. त्यांना बसायला जागा देणे आपल्या हाती आहे.