कापूस आमचा, मोजमाप परक्याचे
(खानदेश आणि वस्त्रविद्येची परीक्षा)

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी ज्ञातीतील गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली प्रसिद्ध होते. ती वाचताना आम्हांस आनंद होतो, तसा एक विचारही मनात आल्यावाचून राहत नाही. वैद्यकी, संगणक, हिशेबतपासणी, वकिली या सर्व विद्यांत आपली मुलेमुली पुढे जात आहेत. परंतु ज्या धंद्यावर आपल्या पूर्वजांनी पिढ्यानपिढ्या पोट भरले, त्या वस्त्राच्या विद्येत उच्च पदवी घेतलेले नाव त्या यादीत क्वचितच आढळते. विणकराच्या घरात विणकामाचे शास्त्र शिकावयास कोणी जाऊ नये, याची कारणे खानदेशच्या इतिहासात सापडतात. तो इतिहास आणि आजची एक परीक्षा यांचा संबंध वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. पण जन्मभर मुलांना गणित शिकविले असल्यामुळे कोणती परीक्षा कोणत्या मुलास झेपेल हे पाहण्याची सवय आम्हांस जडली आहे.

खानदेशची काळी जमीन आणि कापूस यांचे नाते फार जुने. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या काठी पिकलेला कापूस गावातच लाकडी लाटांच्या चरकातून काढीत, पिंजाऱ्याकडून पिंजून घेत, घरोघरच्या बाया त्याचे सूत कातीत आणि आपले लोक ते मागावर चढवीत. फैजपूर हे निळीच्या व लाल रंगाच्या रंगाईबद्दल आणि छापील कापडाबद्दल नावाजलेले होते. धरणगावासही कापडाचा लौकिक होता. त्याच धरणगावी 1855 साली सरकारने दात्यांच्या जिनांचा कारखाना घातला. यंत्राने सरकी निघू लागली, आणि कापसाने गावाबाहेरचा रस्ता धरला.

पुढे 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्याच दशकात आगगाडी चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या वाटेने आली. ॲशबर्नर नावाच्या कलेक्टरने हिंगणघाटचे बी आणून या जिल्ह्यात पेरावयास लावले. भाव चढताच गाठींत पाणी, माती, सरकी घालण्याचे प्रकार इतके वाढले की मुंबई सरकारला 1863 साली कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. युद्ध 1865 साली संपले, भाव कोसळले. चार वर्षांच्या या उलाढालीत कापूस चांगला की वाईट हे ठरविण्याचा अधिकार मात्र पेरणाऱ्याच्या व विणणाऱ्याच्या हातून कायमचा गेला. तो मुंबईच्या पेढीवर आणि लिव्हरपूलच्या बाजारात जाऊन बसला.

गिरण्या आल्या त्या यानंतर. 1870 नंतरच्या दशकात मुळजी जेठा यांच्या घराण्याने जळगावात सूत व कापडाची गिरणी उभारली. 1906 साली अमळनेरास प्रतापशेठजींची गिरणी निघाली. त्याच वर्षी खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, तेच 1960 नंतर जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. चाळीसगाव व धुळे येथेही गिरण्या झाल्या. गिरणीच्या भोंग्यावर गावाचे घड्याळ चालू लागले. आपले कितीतरी ज्ञातिबांधव घरचा माग गुंडाळून ठेवून विणखात्यात साच्यावर उभे राहिले. हातात कसब होते, म्हणून कामही लवकर आले. तथापि कसब असूनही तो साचेवालाच राहिला. कताई मास्तर, विणाई मास्तर या जागा आरंभी लँकेशायरहून आलेल्या साहेबांकडे आणि पुढे मुंबईत शिकून आलेल्यांकडे गेल्या. मुंबईत 1887 साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली, तिलाच आज वीरमाता जिजाबाई यांचे नाव आहे. वस्त्रविद्या हा तेथील अगदी पहिल्या विषयांपैकी एक. परंतु धुळ्याच्या किंवा पारोळ्याच्या विणकराच्या मुलास मुंबईस ठेवून इंग्रजीत शिकविण्याची ऐपत त्या काळी कोणापाशी होती? सावकाराकडून सूत उधार आणावयाचे आणि कापड त्यालाच घालावयाचे, हा तेव्हाचा संसार.

1924 साली माटुंग्यास कापूस समितीची प्रयोगशाळा सुरू झाली. कापसाच्या तंतूची लांबी, बारीकपणा, बळ आणि त्यातून किती नंबरपर्यंत सूत निघेल, हे तेथे मोजू लागले. आमच्या खानदेशात त्या वेळी ‘एन. आर.’ या नावाचा कापूस सर्वत्र पेरला जाई. त्याचा तंतू आखूड आणि जाडा. पण मणामागे रुई भरपूर उतरे, म्हणून शेतकऱ्यास तो प्रिय. मर रोगास तोंड देणारा जरिला पुढे आला, आणि त्यानंतर विरनार. ही नावे आमच्या वडिलांच्या पिढीच्या तोंडी घरच्या माणसांसारखी होती. पुढे 1970 साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-4 हा संकरित कापूस निघाला आणि 2002 साली बीटी वाण आले. शेतकऱ्याने प्रत्येक वेळी बियाणे बदलले. परंतु तंतू कशाने मोजतात व त्या मोजमापावर भाव कसा फिरतो, हे ज्ञान बियाण्याच्या पिशवीतून आले नाही.

गिरण्यांचा शेवट सर्वांच्या डोळ्यांदेखत झाला. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत जो संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. मुंबईच्या गिरण्या त्यातून सावरल्या नाहीत. खानदेशातील भोंगेही कालांतराने थांबले. जळगावच्या गिरणीच्या जागेवर आता व्यापारी संकुल उभे आहे. तेव्हापासून आपल्या घरांतून एकच वाक्य ऐकू येते, “कापडात आता काही राहिले नाही.” हे वाक्य बोलणाऱ्यांचा अनुभव खोटा नाही. मात्र कापड नेसणे कोणी सोडलेले नाही, आणि कापडाचे शास्त्र तर या काळात कितीतरी वाढले आहे. शस्त्रक्रियेचा धागा, रस्त्याखाली घालावयाचे कापड, अग्निशामक दलाचा पोशाख हे सर्व आज वस्त्र अभियांत्रिकीतच मोडते. इचलकरंजी, नांदेड व मुंबई येथे ही पदवी मिळते, आणि आपल्या धुळे जिल्ह्यात शिरपुरासही या विषयाचे केंद्र निघाले, ही समाधानाची गोष्ट होय.

आता मुख्य विषयाकडे वळतो. पदवीनंतर या विद्येत वर जावयाचे असेल तर ज्या परीक्षेतून जावे लागते, तिला लोकव्यवहारात ‘गेट’ म्हणतात. देशातील आय.आय.टी. संस्था आणि बंगळूरची विज्ञान संस्था मिळून ती घेतात. वस्त्र अभियांत्रिकी व तंतुशास्त्र ही तिची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. तीन तास, पासष्ट प्रश्न, शंभर गुण. त्यांपैकी पंधरा गुण सर्वसाधारण बुद्धिमत्तेचे, सुमारे तेरा गणिताचे आणि बाकी सर्व विषयाचे. वयाची अट नाही, कितीदा बसावे यालाही मर्यादा नाही. एकदा मिळविलेले गुण तीन वर्षे चालतात. त्यांच्या बळावर दिल्लीच्या आय.आय.टी.सारख्या ठिकाणी एम.टेक.ला प्रवेश व दरमहा विद्यावेतन मिळू शकते. आई-वडिलांवर फीचा बोजा टाकण्यास संकोचणाऱ्या मुलांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

विषयाचा अभ्यासक्रम आम्ही मुद्दाम मिळवून वाचला. तंतू, सूत, कापड, चाचणी आणि रासायनिक प्रक्रिया हे त्याचे भाग. वाचता वाचता वाटले, हे तर आपल्याच आळीचे वर्णन आहे! एकीकडे पिंजारी, दुसरीकडे कातणारी, मध्ये विणकर, पलीकडे रंगारी. आमच्या ओळखीचा एक मुलगा या परीक्षेची तयारी करीत होता. एके दिवशी तो एका उदाहरणाशी अडून बसला होता. वीस नंबरचे एक सूत आणि तीस नंबरचे एक सूत, दोन्ही एकत्र पिळले तर दुपदरी सूत कितव्या नंबरचे होईल? त्याने सरासरी काढून पंचवीस लिहिले होते. त्याचे आजोबा खाटेवर बसले होते. त्यांनी उभ्या जन्मात अपूर्णांकांचे गणित केले नसेल. ते म्हणाले, “अरे, वीसाचे दोन पदर पिळले तर दहाचे होते. मग हे बारा-तेराच्या पुढे जाईल कसे?” उत्तर बाराच होते.

याचे कारण असे की, नंबर म्हणजे एका रत्तलात 840 वारांच्या किती लड्या बसतात तो आकडा. सूत जितके बारीक, तितका नंबर मोठा. म्हणून दोन सुते एकत्र आली की नंबर उतरतो, आणि हिशेब व्यस्त अपूर्णांकांनी करावा लागतो : एक विसांश अधिक एक तिसांश म्हणजे एक बारांश. आजच्या शास्त्रात ‘टेक्स’ हे दुसरे माप आहे, हजार मीटर सुताचे ग्रॅममधील वजन. तेथे नुसती बेरीज चालते. 590.5 ला नंबराने भागले की टेक्स येते. वीस नंबरचे 29.5, तीसचे 19.7, मिळून 49.2. त्या 49.2 ने पुन्हा 590.5 ला भागून पाहावे, बारा येतात. आजोबांना उत्तर ठाऊक होते, नातवाला रीत ठाऊक होती. परीक्षेत दोन्ही लागतात.

रंगाईचेही तसेच. निळीचा रंग पाण्यात विरघळत नाही. क्षारयुक्त हौदात तिचे रूप पालटून ती विरघळवावी लागते, आणि कापड बाहेर काढून वाऱ्यावर धरले की हवेतील प्राणवायूने निळा रंग पुन्हा उमटतो. फैजपूरच्या रंगाऱ्यास ही क्रिया हाताला ठाऊक होती. आलाच्या मुळीचा लाल रंग तुरटीवाचून धरत नाही, हेही त्याला माहीत होते. 1897 साली जर्मनीतून कारखान्यात बनविलेली नीळ बाजारात आली आणि नैसर्गिक निळीचा धंदा बसला, कारण ‘का’ हा प्रश्न तेथल्या रसायनशाळेने विचारला होता. या परीक्षेतील प्रश्न बहुतेक त्या ‘का’चेच असतात.

वाचकांनी असा समज मात्र करून घेऊ नये की, घरी माग होता म्हणून गुण आपोआप मिळतील. आमच्या पाहण्यात मुले दोन ठिकाणी अडखळतात. पहिले ठिकाण गणित. विषय उत्तम येणारा मुलगा गणिताचे तेरा गुण सोडून देतो. रेखीय बीजगणित, कलनशास्त्र, संभाव्यता यांना हात लावीत नाही. ते तेरा आणि बुद्धिमत्तेचे पंधरा मिळून अठ्ठावीस होतात. एवढे गुण वाऱ्यावर सोडून कोण वर येणार? दुसरे ठिकाण भाषा. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि परीक्षेत इंग्रजी, अशी आपल्या मुलांची तीन नद्यांतून वाट आहे. आमचा उपाय साधा. मुलाने एक वही करावी. डाव्या बाजूस ताणा, बाणा, धोटा, फणी, खळ, पेळू, चाती हे घरचे शब्द आणि उजव्या बाजूस पुस्तकातील शब्द लिहावेत. ही वही घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून भरावी. वडीलधारी मंडळी गेली की डावी बाजू भरून देणारे कोणी उरणार नाही.

उत्तर चुकल्यास गुण कापले जातात, हेही ध्यानात ठेवावे. पर्यायांतून एकच उत्तर निवडावयाचे असते तेथे एका गुणाच्या प्रश्नाचा एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाचा दोन तृतीयांश गुण जातो. परंतु जेथे आकडाच काढून लिहावयाचा असतो तेथे चुकीला दंड नाही. तेव्हा असा प्रश्न कोरा सोडणे शहाणपणाचे नव्हे. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून संगणकावरच सोडवाव्यात, कारण परीक्षा संगणकावर होते आणि गणकयंत्रही पडद्यावरचेच वापरावे लागते.

पुस्तकांविषयी थोडे. चाचणीसाठी बूथ, सूतकताईसाठी क्लाइन, आणि तंतूंच्या गुणधर्मांसाठी मॉर्टन व हर्ल या ग्रंथकारांची पुस्तके विद्यार्थी वाचतात. कापडाची वीण मोजण्याचे जे भूमितीशास्त्र आहे, ते पीअर्स नावाच्या शास्त्रज्ञाने 1937 साली मांडले. तो मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये काम करी. ज्या लँकेशायरकडे खानदेशच्या गाठी गेल्या, तेथूनच ही सूत्रे निघाली आणि आज आपल्या मुलांपुढे प्रश्न होऊन आली आहेत. ही पुस्तके महाग आहेत. आपल्या मंडळाच्या वाचनालयात त्यांचा एक संच ठेवावा आणि तो जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणच्या मुलांस आळीपाळीने द्यावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे करीत आहोत. मुलींसाठीही तो तितकाच खुला असावा; कातण्याचे काम आपल्या घरांत त्यांनीच केले आहे.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. या परीक्षेचे अर्ज पावसाळ्याच्या अखेरीस भरतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. आपल्यापैकी ज्यांची शेती आहे, त्यांच्या घरी नेमके याच महिन्यांत कापूस येतो; वेचणी, गाडी भरणे, जिनवर रांगेत थांबणे. शिकलेला मुलगा म्हणून काटा पाहावयास त्यालाच धाडण्याची आपल्याकडे पद्धत आहे. या एका हंगामात त्याच्याऐवजी काका किंवा मामा यांपैकी कोणी काट्यावर उभे राहिले, तर ते चार महिने मुलास अभ्यासासाठी मिळतील.