खुर्ची कोणाची?



सरपंचपद बाईसाठी राखीव होतं, बाई निवडून येते, आणि कारभार मात्र तिचा नवरा बघतो. हे आपल्याला नवं नाही. आज जी गोष्ट सांगणार आहे ती लांबच्या देशातल्या एका विद्यापीठाची आहे, पण तिथंही प्रश्न खुर्चीचाच होता.

अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात कर्णबधिरांसाठी गॅलॉडेट विद्यापीठ आहे. सुरुवात झाली १८५७ साली, एका लहान शाळेनं. वीस वर्षांचा एडवर्ड गॅलॉडेट तिचा प्रमुख झाला. त्याची आई सोफिया जन्मापासून बहिरी. ती शाळेची मेट्रन झाली, मुलांचं राहणं-खाणं सांभाळू लागली. १८६४ साली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी कायद्यावर सही केली आणि संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला.

म्हणजे बहिरी बाई मेट्रन चालली. पुढं बहिरे प्राध्यापकही लागले. पण अध्यक्ष, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू? १२४ वर्षांत सहा झाले. सहाही ऐकू येणारे.

मार्च १९८८ मध्ये सातवा अध्यक्ष निवडायचा होता. शेवटच्या तीन उमेदवारांत दोघं बहिरे होते. ६ मार्चला विश्वस्तांनी निवडलं ते एलिझाबेथ झिन्सर यांना. त्यांना ऐकू येत होतं आणि खुणांची भाषा येत नव्हती!

दुसऱ्या दिवशी मुलांनी फाटकं बंद केली. मागण्या चार: अध्यक्ष बहिरा हवा, विश्वस्त मंडळाच्या प्रमुखांनी पद सोडावं, मंडळात बहिऱ्यांचं बहुमत असावं आणि आंदोलन केलं म्हणून कुणाला शिक्षा नको. प्राध्यापकांनीही पाठिंबा दिला. निवड न झालेले उमेदवार किंग जॉर्डन तिथंच डीन होते. एकविसाव्या वर्षी अपघातात त्यांचे कान गेले होते. आधी त्यांनी जाहीरपणे झिन्सर यांची बाजू घेतली. दुसऱ्याच दिवशी ते मुलांच्या बाजूनं उभे राहिले. नोकरीत असलेल्या माणसाला असं उलटून बोलणं किती अवघड, हे नोकरी करणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

झिन्सर यांनी राजीनामा दिला. १३ मार्चला जॉर्डन अध्यक्ष झाले. चारही मागण्या मान्य झाल्या. दोन वर्षांनी, १९९० साली, अमेरिकेत अपंगांशी भेदभाव करायला बंदी घालणारा मोठा कायदा आला. आणि पहिली बहिरी बाई त्या खुर्चीवर बसली ती २०१६ साली, रॉबर्टा कोर्डानो. सोफिया मेट्रन झाल्यापासून दीडशेहून जास्त वर्षं गेली होती.

त्याच २०१६ साली आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा झाला. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा, सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या कारणानं कामावरून काढता येत नाही. जमेल असं दुसरं काम द्यावं लागतं, पगार तोच ठेवून.

आपण विचारतो, कॉलेजात अपंग मुलीसाठी उतार आहे का? विचारायलाच हवं. पण त्याच उतारावरून एखादी बाई शिकवायला, ऑफिसात बसायला, प्राचार्यांच्या खोलीत जाते का, हेही विचारू या. शिकायला आत घेतलं आणि नोकरीच्या वेळी दार लावलं, तर ती जागा तिची झालीच नाही.