दोनदा धावलेला जॉब आणि पेशीचं लायसन्स

गेल्या शुक्रवारी रात्री माझा एक बॅच जॉब दोन सर्व्हरवर धावला आणि झालेल्या नोंदी परत झाल्या. 'झालं' हा फ्लॅग मी काम संपल्यावर लावत होतो, त्यामुळे दोष शंभर टक्के माझाच. शनिवारी वडखळ नाक्याच्या ट्रॅफिकमधून डोलवीला घरी पोचेपर्यंत डोक्यात तेच. हे काम आधी झालंय, हे खात्रीने कळतं कसं?

आपल्या पेशींना हे रोज जमतं. दुभंगण्याआधी पेशी सुमारे ६ अब्ज अक्षरजोड्यांच्या डीएनएची नक्कल करते, साधारण ८ तासांत, हजारो ठिकाणांहून सुरुवात करून. आणि प्रत्येक ठिकाण एकदाच!

हे कोडं सुटायला लागलं ते हेला पेशींमुळे. १९५१ साली बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतल्या पेशी, तिला न विचारता घेतलेल्या, जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये वाढल्या. (उच्चार 'गाय'च, हसू नका.) पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे याच गायसाहेबांकडे शिकून आल्या आणि मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. त्याच संस्थेचा वारसा आज खारघरच्या ॲक्ट्रेककडे आहे, आणि मी तिथून किती वेळा काही न कळता गेलोय!

असो. १९७० साली पोटू राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी अमेरिकेत भन्नाट प्रयोग केला. निष्क्रिय केलेला सेंडाई विषाणू वापरून त्यांनी दोन हेला पेशी एकमेकींत मिसळल्या. एक पेशी नक्कल करत असलेली आणि दुसरी अजून सुरुवात न केलेली, असं जोडलं तर दुसरीचं केंद्रक वेळेआधीच कामाला लागलं. म्हणजे 'सुरू कर' हा हुकूम पेशीद्रवातून फिरतो. पण दुसरी पेशी नक्कल उरकलेली असेल, तर? तिचं केंद्रक ढिम्म! हुकूम तोच, कढई तीच, तरी काही नाही. म्हणजे नुसता हुकूम पुरत नाही, आधी परवानगी लागते.

त्या परवानगीला १९८८ मध्ये ब्लो आणि लास्की यांनी बेडकाच्या अंड्यांवर काम करताना 'लायसन्स' म्हटलं. ते केंद्रकाच्या पडद्याबाहेर अडकून राहतं, हा त्यांचा अंदाज माणसाच्या पेशींना जसाच्या तसा लागू पडला नाही, पण शब्द टिकला.

आज कळतं ते असं. विभाजनाच्या शेवटापासून नक्कल सुरू होईपर्यंत तिकीट खिडकी उघडी असते. तेव्हा सुरुवातीच्या ठिकाणांवर एमसीएम नावाची प्रथिनं बसवली जातात. मग सीडीके वगैरे एन्झाइम्स हुकूम देतात, एमसीएम डीएनए उलगडत पुढे निघून जातं, म्हणजे तिकीट वापरलं गेलं. गंमत म्हणजे हुकूम देणारं सीडीकेच खिडकीही बंद ठेवायला मदत करतं. मी 'सुरू' आणि 'बंद' वेगवेगळ्या फाइलींत लिहिलं होतं!

खिडकीवरचा दुसरा पहारेकरी जेमिनिन. २००४ च्या सुमारास माणसाच्या काही कर्करोग पेशींमधून त्याला काढलं, तर त्या तोच डीएनए परत कॉपी करत सुटल्या. डीएनए बिघडल्याचा अलार्म मात्र पेशीच्या आतच वाजला आणि विभाजन थांबलं.

माझ्याकडे अलार्म वाजला तो सकाळी साडेसातला, क्लायंटच्या फोनने.