कोयरीचं नाव पेझली कसं पडलं

तुमच्या घरात आत्ता कुठेतरी एक कोयरी नक्की आहे. आईच्या साडीच्या काठावर, उशीच्या अभ्र्यावर, नाहीतर मेंदीच्या कोनाच्या पाकिटावर. आपण तिला कोयरी म्हणतो. फॅशनच्या जगात मात्र, आणि हल्ली आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानांतही, तिचं नाव आहे 'पेझली'. पेझली हे स्कॉटलंडमधलं, ग्लासगोजवळचं विणकरांचं गाव. तिथे आंबा येत नाही. मग आपल्या कोयरीला त्या गावाचं नाव कसं लागलं? माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण या प्रश्नाभोवती फिरतंय, म्हणून म्हटलं तुम्हालाही सांगावं.

गोष्ट आहे काश्मिरी शालीची. चांगथांगच्या पठारावर बकऱ्यांच्या अंगावर हिवाळ्यात जी बारीक लोकर येते, ती पश्म. ही लोकर काश्मीरलाच विकायची, असं 1684 च्या तिंगमोसगांगच्या तहाने लडाखवर बंधन आलं. म्हणजे कच्च्या मालाची मक्तेदारी आधीपासूनच होती. श्रीनगरचे विणकर ती लोकर मागावर चढवत आणि प्रत्येक रंगासाठी वेगळी लाकडी काडी, म्हणजे कानी, वापरत. नक्षी कागदावर सांकेतिक खुणांनी लिहिलेली असे, तिला तालीम म्हणत. एकजण ती मोठ्याने वाचायचा, 'अमुक रंगाचे इतके धागे', आणि विणकर हात चालवायचे. भारी नक्षीची शाल एका मागावर विणायला वर्ष-दीड वर्ष लागे.

ही शाल कुणाला हवी होती? आधी दरबाराला. अकबराने शाली दुहेरी करून पांघरण्याची पद्धत पाडली, असं 'आइन-इ-अकबरी' सांगतं. दोन शाली पाठीला पाठ लावून, म्हणजे उलटी बाजू दिसायलाच नको. आपली 'शालजोडी' ती हीच. मुघल बादशहा मानकऱ्यांना खिलत देत, पेशवे सरदारांना वस्त्रं देत, शास्त्रीपंडितांच्या खांद्यावर शाल पडे. ही शाल बाजारातून आणलेली असली तरी तिचं मोल बाजारातलं नव्हतं. देणाऱ्याच्या थोरवीचा थोडा अंश घेणाऱ्याच्या अंगावर चढतो, असा त्यातला अर्थ. (सत्काराच्या शाली आपल्याकडे कपाटात किती साठतात हा वेगळा विषय. आणि 'शालजोडीतले' हाणण्यात मराठी माणूस किती तरबेज आहे, हा त्याहून वेगळा.)

आता पॅरिसला चला. 1798 मध्ये नेपोलियन इजिप्तच्या मोहिमेवर गेला आणि तिथून त्याच्या अधिकाऱ्यांनी घरी शाली पाठवल्या. जोझेफिनच्या नावावर एक पत्र सांगितलं जातं: शाली महाग असतील, पण मला कुरूप वाटतात, हलक्या आहेत एवढंच, यांची फॅशन येईलसं वाटत नाही. पुढे काय झालं ते चित्रांत दिसतं. प्रूदाँने 1805 मध्ये तिला लाल शालीसकट रंगवलं. थोड्याच वर्षांनी ग्रोने काढलेल्या चित्रात तर तिचा झगाच शालीचा आहे!

लक्झरीचा विषय निघाला की अभ्यासक व्हेब्लेनचा दाखला देतात. 1899 मध्ये त्याने हाताने घडवलेल्या चांदीच्या चमच्याचं उदाहरण दिलं. जेवायला यंत्रावरचा स्वस्त चमचाही तेवढाच चालतो, पण महाग चमचा महाग आहे म्हणूनच आपल्याला सुंदर वाटायला लागतो. युक्तिवाद झकास आहे, आणि जोझेफिनच्या मनातल्या बदलाला लागूही पडतो. पण माझ्या मते तो अर्धाच आहे. किंमत एवढंच कारण असतं तर युरोपातली कुठलीही महाग वस्तू चालली असती. मग बाईला शाल काश्मीरचीच का हवी होती?

इथे वासाची गंमत बघा. प्रवासात कसर लागू नये म्हणून शालींच्या घड्यांत पॅचौलीची वाळलेली पानं घालत. आपण गजऱ्यात मरव्याबरोबर जी पाच ओवतो, तिच्याच कुळातली ही वनस्पती. युरोपातल्या गिऱ्हाइकाने या वासाचा अर्थ परस्पर लावला: वास येतोय, म्हणजे शाल अस्सल. एलिझाबेथ गॅस्केलच्या 'नॉर्थ अँड साउथ' कादंबरीत सुरुवातीलाच नायिका भारतीय शाली अंगावर घेऊन दाखवते, आणि तिला त्यांचा मसालेदार वास सुखावतो. मग फ्रेंच कारखानदारांना या वासाचं गुपित कळलं. त्यांनी पॅचौली मागवली आणि नकली शालींना तो वास देऊन टाकला. कसरीवरचा उपाय होता, तो ओळखीची खूण झाला, आणि खूण झाल्याबरोबर तिची नक्कल झाली.

नकलेचं तंत्रही जोरात होतं. एडिंबरा, नॉरिच आणि मग पेझली, सगळीकडे शाली विणल्या जाऊ लागल्या. जकार्डचा माग आल्यावर छिद्रांच्या पत्त्यांवरून नक्षी उतरू लागली. (तालीमसुद्धा एक प्रकारचा पत्ताच की! फक्त ती वाचायला माणूस लागायचा.) अस्सल-नकली ओळखायचं तर शाल उलटी करून बघायची. पैठणी घेताना तुमची आजी पदर उलटून बघते ना, अगदी तसंच. जकार्डच्या शालीला मागून कापलेले सुटे धागे दिसतात.

माझ्या मते खरा उलटफेर पुढे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फ्रेंच व्यापाऱ्यांचे दलाल श्रीनगरात जाऊन बसले. कोयरी लांबवा, नक्षी दाट करा, पॅरिसला हे आवडतं. म्हणजे नक्कल करणारा आता मूळ कारागिराला नक्षी सांगत होता, आणि काश्मीर 'काश्मिरी' दिसण्यासाठी फ्रान्सचं ऐकत होतं.

ब्रँडमध्ये करणाऱ्याचं नाव मालावर असतं. लुई व्हितॉंच्या मुलाने, जॉर्जने, 1896 मध्ये तो प्रसिद्ध मोनोग्राम काढला, तो नकलाकारांना रोखण्यासाठी. काश्मिरी शालीवरही शिक्का असायचा. पण तो 'दाग', करवसुलीचा शिक्का. विणकराचं नाव कुठेच नाही, सरकारने कर घेतल्याची खूण मात्र पक्की. कर शालीच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत गेला होता, आणि डोगरा राजवटीत विणकराला हे काम सोडून जायलाही बंदी होती. 29 एप्रिल 1865 ला श्रीनगरच्या झालडगरमध्ये विणकर रस्त्यावर उतरले. सैन्य आलं. 28 जण मेल्याचं सांगितलं जातं, त्यातले बरेच पाण्यात बुडून.

1846 च्या अमृतसरच्या तहाने काश्मीर ज्या गुलाबसिंगाला मिळालं, त्याने दरवर्षी इंग्रजांना एक घोडा, बारा बकऱ्या आणि तीन शालजोड्या द्यायच्या होत्या. शाली व्हिक्टोरिया राणीकडे जात, आणि ती त्या लग्नांत आहेर म्हणून देई. याच राणीने 1842 मध्ये पेझलीच्या शालीही विकत घेतल्या होत्या, कारण तिथला धंदा बसला होता आणि विणकर उपाशी होते. माझ्या टिपणवहीत या दोन नोंदी शेजारीशेजारी आहेत. एका गावाच्या विणकरांसाठी राणीने खरेदी केली, दुसऱ्या गावाच्या विणकरांची शाल तिला खंडणीत मिळाली.

1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने फ्रेंच बाजार बसला. बायकांच्या झग्यांना मागे फुगा आला, त्यावर मोठी शाल नीट बसेना. तोवर जकार्डच्या स्वस्त शाली इतक्या झाल्या होत्या की मोलकरणीकडेही कोयरी आली, आणि मालकिणीचं मन उडालं. इथे मात्र व्हेब्लेन शंभर टक्के बरोबर! 1877 पासून काश्मीरमध्ये दुष्काळ पडला, त्यात शालबाफांची घरंच्या घरं संपली. पेझलीच्या मागांनीही दुसरा माल धरला.

2008 मध्ये 'काश्मीर पश्मीना'ला भौगोलिक मानांकन मिळालं. आता माल तपासून त्यावर अस्सलपणाचा शिक्का मारतात. तो करवसुलीचा नाही, एवढा फरक पडलाय. विणकराचं नाव त्यावर असावं का, यावर पुढच्या भागात लिहीन. तोवर घरातली एखादी कोयरी उलटून बघा आणि मागचे धागे कसे दिसतात ते मला कळवा.