रे रोडचें बिरडें

रे रोड म्हटलें कीं लोखंडाचे ढीग, लाकडाच्या वखारी आणि बंदरें डोळ्यांपुढें येतात; चूल येत नाहीं. १८८५ ते १८९० या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचें नांव धारण करणाऱ्या या स्टेशनापर्यंत कुर्ल्याहून गाडी आली १९१० सालीं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचा ‘गृहिणी-मित्र’ हा पाकशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथही त्याच सालचा. ग्रंथ वाचणारी प्रभु गृहिणी निराळी आणि गोदी-गिरणीच्या आसपास संसार मांडणारी कोंकणची बाई निराळी. परंतु गणपतीच्या दिवसांत दोघींच्याही पानांत वालाचें बिरडें पडे.

वाल हें समुद्रापलीकडील मुलखाचें धान्य. अलिबाग, पेण, पनवेल या भागांत भात कापून झालें कीं जमिनींत उरलेल्या ओलीवरच वाल पेरतात. त्यांस पाऊस लागत नाहीं कीं पाटाचें पाणी लागत नाहीं. सुकविलेले दाणे भाद्रपदापर्यंत सहज टिकतात. रेवस-धरमतरकडून माणसें मुंबईस आलीं, तसे त्यांच्या गांठोड्यांतून वालही आले.

पदार्थ दिसावयास साधा, पण त्यास दोन-तीन दिवस लागतात. वाल रात्रभर भिजवून, निथळून, ओल्या फडक्यांत बांधून ठेवावयाचे. मोड आले कीं कोमट पाण्यांत टाकून एकेक दाणा चिमटींत धरावयाचा. साल सुटून डाळिंबी बाहेर येते. भिजवणाचें पाणी फेकून द्यावें, कारण कच्च्या वालांत अपायकारक द्रव्यें असतात, आणि डाळिंब्या नीट शिजवाव्या. फोडणी हिंग, जिरें, हळदीची. मागून आमसूल, गूळ आणि ओलें खोबरें. नैवेद्याच्या बिरड्यांत कांदा-लसूण नाहीं. ढवळण्याऐवजीं पातेलेंच हलवावें, नाहींतर डाळिंब्या मोडून त्यांचें पिठलें होतें!

खरा प्रश्न सोलण्याचा. १९२० नंतरच्या दशकांत मुंबईच्या गिरणी-कामगारांत सुमारें पांचवा हिस्सा स्त्रियांचा होता. दिवसभर गिरणींत राबून आलेल्या बाईनें एका खोलींत, दिव्याच्या उजेडांत, शेर-दीड शेर वाल सोलावयाचे कसे? म्हातारी सासू, शाळेंतून आलेल्या मुली, शेजारीण, असे अनेक हात लागल्यावांचून तें होत नसे. कुटुंब गांवीं ठेवून खाणावळींत जेवणाऱ्या पुरुषांचा सणही अशाच कुणा बाईच्या बोटांवर अवलंबून असे. त्याची नोंद मात्र कोठल्याही हजेरीपटांत नाहीं.

१९२८ चा मोठा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. म्हणजे त्या वर्षीचा गणपति बिनपगारी आला. ज्या घरीं गांवचे वाल होते, तेथें विकत आणावयाचा तो नारळ आणि गूळ. पुढें १९४३ सालीं मुंबईंत रेशनिंग आलें. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टायकिन’ बोटीचा स्फोट होऊन आसपासच्या गुदामांतील धान्य जळालें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर तर एकामागून एक गिरण्याच मिटल्या.

आतां दादर, गिरगांवच्या बाजारांत सोललेल्या डाळिंब्या वाट्यानें मिळतात. नोकरी करणाऱ्या सुना त्या घेऊन येतात. घरांतील जुनी बाई त्या ताटांत पसरून पाहते, फुटलेले दाणे बाजूस काढते, आणि पुढल्या वर्षीं वाल आपणच भिजवूं म्हणते.