महाडचं तळं : ठराव, ओंजळ आणि मनाईहुकूम

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं मला गाठून विचारलं, "समाज सुधारणेनं बदलतो की क्रांतीनं? एका वाक्यात सांगा." एका वाक्यात मला जमलं नाही. म्हणून आज महाडला जाऊ या. चवदार तळ्याचा प्रसंग तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पण २० मार्च १९२७ च्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, ते जयंतीच्या भाषणांत बहुधा राहून जातं.

सुरुवात सुधारणेपासूनच होते, आणि ती अगदी कायदेशीर सुधारणा आहे. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी ठराव मांडला : सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनंही आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. नगरपालिकेत सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी माणसं होती, म्हणून ते झालं. कोणाची डोकी फुटली नाहीत, कोणी तुरुंगात गेलं नाही. हळूहळू बदल म्हणतात तो अगदी नमुनेदार.

आणि तळ्यावर काय फरक पडला? काहीच नाही. तीन वर्षं एकही अस्पृश्य माणूस तिथं पाण्याला गेला नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा आलेल्या लोकांना प्यायला चाळीस रुपयांचं पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावं लागलं. तळं कायद्यानं खुलं होतं बरं का! पाणी मात्र विकत. हा तपशील मला त्या सगळ्या ठरावांपेक्षा मोठा वाटतो.

मग २० मार्चला लोक रांगेनं तळ्यावर गेले आणि बाबासाहेब पाणी प्यायले. नवा हक्क कोणी मागत नव्हतं, कागदावर होता तोच वापरला. त्यावर गावात अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार, आणि मंडपात परतलेल्या, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. पुढे तळ्याचं पंचगव्यानं शुद्धीकरण झालं. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. ठराव नुसता कागदावर होता तोवर कोणालाच त्याची अडचण नव्हती. लोक त्याप्रमाणे वागले, तेव्हा तो खुपू लागला.

आता डिसेंबर. खरी गोष्ट इथं आहे. २५ तारखेला दुसरी परिषद. हिंदूंपैकी कोणी जागा देईना, तेव्हा एका मुसलमान गृहस्थांनी दिली. अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रान्सची, व्हर्सायच्या राष्ट्रीय सभेची आठवण काढली आणि आपली सभा त्याच जातीची आहे असं सांगितलं. त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते, हेही लक्षात असू द्या. पुन्हा तळ्यावर जायला हजारो माणसं तयार होती. अनेक जण गावी परतल्यावर काय भोगावं लागेल हे ओळखून आले होते.

पण स्पृश्यांनी आधीच दिवाणी दावा लावून मनाईहुकूम आणला होता. कलेक्टर परिषदेत येऊन थांबा म्हणाला. आणि दोनच दिवसांपूर्वी फ्रान्सचं नाव घेणाऱ्या माणसानं सत्याग्रह तहकूब करायला सांगितलं. २७ तारखेला मिरवणूक तळ्यापर्यंत गेली आणि पाण्याला हात न लावता परतली.

याला माघार म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही, पण त्यांना झटकूनही टाकता येत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे हिशेब असा होता : समोर स्पृश्य समाज उभा आहेच, त्यात सरकारही अंगावर घेतलं तर मार खायला परत तीच माणसं, ज्यांच्याकडे जमीन नाही आणि गावकीच्या भाकरीवर ज्यांचं पोट आहे. नेता मुंबईला जाईल, माणूस गावातच राहणार. क्रांती हवी की सुधारणा, हे ठरवताना ती किंमत कोण देणार हेही बघावंच लागतं. अर्थात थांबण्याचीही किंमत तीच माणसं देत होती. तहकुबीनंतर घरी जाताना त्यांना काय वाटलं असेल, याची नोंद कोणी ठेवली नाही.

दावा जवळजवळ दहा वर्षं चालला. वादींचं म्हणणं, तळं खासगी स्वरूपाचं आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करणारी रूढी पूर्वापार आहे. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल दिला. त्यात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते, ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना शिक्षा सुनावली तेच. निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागला, पण कशावर? माणसं समान आहेत म्हणून नव्हे. वादींना रूढी प्राचीन असल्याचं सिद्ध करता आलं नाही म्हणून. ती सिद्ध झाली असती तर काय, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

ते दार पुढे संविधानानं बंद केलं. अनुच्छेद १५ चं दुसरं कलम सवडीनं वाचा. त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट असे शब्द आहेत, राज्याच्या पैशातून राखलेले असंही आहे. म्हणजे १९२३ चा बोल्यांचा ठराव जवळजवळ तसाच परत आला आहे, आणि या वेळी तो मागे घेणं कुठल्याही नगरपालिकेच्या हातात नव्हतं.